निजामाचा रेडिओ आणि तुळजापूरचा रस्ता

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की एकरुखचा तलाव मागे पडतो, उळे जातं, कासेगाव जातं आणि साधारण निम्म्या वाटेवर तामलवाडी लागते. आज इथे टोलनाका आहे. काचेवरचा फास्टॅग वाचला गेला की दांडी वर होते आणि गाडी धाराशिव जिल्ह्यात पुढे सरकते. 1948 च्या सप्टेंबरापर्यंत याच टापूत एक राज्य संपून दुसरं सुरू व्हायचं. अलीकडे सोलापूर, म्हणजे इंग्रजी हद्द. पलीकडे मोगलाई, म्हणजे हैदराबादच्या निजामाचा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा.

हद्द ओलांडली की रुपया बदलायचा. सोलापुरात कलदार, मोगलाईत हाली शिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव. सोलापूरच्या बाजारात सहा रुपयांना घेतलेलं लुगडं मोगलाईत आणलं की सात रुपयांचं व्हायचं, आणि करोडगिरीच्या नाक्यावर पकडलं गेलं तर वर शेकडा पाच जकात. कॅलेंडरही बदलायचं. सरकारी कागदावर फसली साल आणि आजूर, दै, बहमन असे महिने. सुटी शुक्रवारची. कचेरीचा कारभार उर्दूत, त्यामुळे घरात मराठीशिवाय दुसरी भाषा न बोलणाऱ्या कुणब्याला आपल्याच बांधाच्या दाव्यात काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. टपालाची तिकिटं निजामाची, पोलीस निजामाचे. देवी मात्र दोन्ही हद्दींची एकच होती. सोलापूरची माणसं कोजागिरीच्या पुनवेला तेव्हाही चालत तुळजापूरला जात, आजही लाखांनी जातात. अशी वाट कायमची बंद करणं कुठल्याच सरकारला परवडणारं नव्हतं.

यंत्रं आली की राजा दुबळा होतो आणि रयत बळकट होते, असा एक विश्वास गेली दोन-तीनशे वर्षं जगभर फिरतो आहे. आधी तो छापखान्याबद्दल होता, मग तारयंत्राबद्दल, पुढे रेडिओबद्दल आणि आता खिशातल्या मोबाइलबद्दल. हा विश्वास पारखून पाहायला मोगलाईची ही सरहद्द फार सोयीची आहे. एका बाजूला यंत्रांची हौस असलेला सर्वाधिकारी राजा, दुसऱ्या बाजूला हात हलवत उभी असलेली प्रजा, आणि मध्ये एका दिवसात चालून जाता येईल असा रस्ता.

निजाम मीर उस्मान अली खान याला जुनाट समजण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याच्या कंजूषपणाचे किस्से सांगितले की माणसाचं काम भागतं. पण त्याचं राज्य जुनाट नव्हतं. 1937 च्या फेब्रुवारीत 'टाइम' साप्ताहिकाने त्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, तेव्हा त्याच्याकडे स्वतःची रेल्वे होती. रेल्वेच्याच खात्याने 1932 मध्ये 27 गाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली होती. मुंबई राज्यात एसटी धावायला त्यानंतर सोळा वर्षं लागली. 1918 पासून उस्मानिया विद्यापीठ होतं आणि तिथे विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवलं जाई. 1935 पासून सरकारी नभोवाणी केंद्र होतं. ते 'डेक्कन रेडिओ' या नावाने ओळखलं जाई. 1945 मध्ये टाटांच्या भागीदारीत 'डेक्कन एअरवेज' ही विमान कंपनी निघाली. नाणी, नोटा, टपाल, फौज, सगळं घरचं.

एवढं सगळं असून प्रजेला सभा भरवायची सोय नव्हती. 'गश्ती निशान 53' नावाचं एक परिपत्रक होतं. त्यातल्या बंधनांमुळे सभेला सरकारची आगाऊ परवानगी लागे, आणि परवानगी मागणारा माणूस आपोआप पोलिसांच्या वहीत जाई. खासगी शाळा काढायलाही परवानगी, तालमीलासुद्धा परवानगी. याच उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून सगळ्या संस्थानाला माहीत झालेले व्यंकटेश खेडगीकर याच शाळेत शिकवायला आले. तीसेक मुलांची शाळा काय करणार, असं कुणालाही वाटावं. सरकारला मात्र तसं वाटत नव्हतं, आणि सरकारचं बरोबर होतं.

निजामाकडची यंत्रं एका दिशेने चालत. रेडिओ बोले, प्रजा ऐके. आगगाडी माल नेई, फौज नेई. तार कलेक्टराला, म्हणजे तिथल्या बोलीत तालुकदाराला, पोचे. ज्या यंत्रातून प्रजा उलट बोलू शकली असती ते एकच होतं, छापखाना. त्यामुळे सरकारची सगळी धास्ती त्याच्यापाशी एकवटली होती. हैदराबादेत 1920 पासून लक्ष्मणराव फाटक 'निजाम विजय' नावाचं मराठी साप्ताहिक चालवत. नाव बघा. त्या राज्यात मराठीत काही छापायचं तर कपाळावर कोणाचं नाव असावं लागे ते त्यावरून कळतं.

'मराठवाडा' या साप्ताहिकाची तऱ्हा वेगळी. आ. कृ. वाघमारे यांनी ते 1930 च्या दशकाच्या अखेरीस काढलं ते संस्थानाबाहेर, इंग्रजी मुलखात छापून. निजाम सरकारने त्याच्यावर बंदी घातली. बंदी पत्राच्या नावावर असते. वाघमाऱ्यांनी नाव बदललं आणि तोच मजकूर, त्याच हाताने, दुसऱ्या नावाने मोगलाईत पाठवला. त्याही नावावर बंदी आली. मग तिसरं नाव. हा खेळ पुष्कळ दिवस चालला. यात यंत्र नवं काहीच नव्हतं. खिळे जुळवायचा तोच छापखाना मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली होता. फरक एवढाच की छापखाना जिथे होता तिथे निजामाचा फौजदार जाऊ शकत नव्हता. इंग्रज सरकार काही उदार नव्हतं. पण निजामाची अब्रू राखणं ही आपली रोजची जबाबदारी आहे, असं ते मानत नसे, आणि दोन सरकारांच्या मधल्या त्या फटीत एक पत्र जगलं.

त्याच फटीत सोलापूरही होतं. 1930 च्या मे महिन्यात या शहराने इंग्रजांचा अंमल काही दिवस उठवून लावला होता. मार्शल लॉ आला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. कुर्बान हुसेन हे 'गझनफर' या पत्राचे संपादक. म्हणजे इंग्रजी हद्दीत इंग्रजांविरुद्ध छापणारा फासावर गेला, आणि त्याच हद्दीत निजामाविरुद्ध छापणारा मोकळा राहिला. 1938 च्या डिसेंबरात आर्य समाजाने हैदराबादच्या सत्याग्रहाची मोठी परिषद सोलापुरातच भरवली, बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली. मोगलाईत जे बोलता येत नव्हतं ते पंचवीस मैलांवर ध्वनिक्षेपक लावून बोललं गेलं. त्याच वर्षी हैदराबादेत स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली होती; मेंबर नोंदवायचे तर आधी तुरुंगात जायचं, असा क्रम.

आगगाडीचंही असंच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे काढली ती मुख्य मार्गाला जोडून बार्शीचा माल बाहेर न्यायला. 1897 मध्ये अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ती सुरू झाली आणि पुढे वाढत मोगलाईत शिरून 1911 मध्ये लातूरला पोचली. लातूरची पेठ तिने वाढवली. त्याच मार्गावरच्या कसबे तडवळ्याला 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. वतनाच्या नावाखाली फुकट राबणाऱ्या माणसांनी निजामाच्या मुलखात आपला माणूस पाहिला. कापसाचे गठ्ठे वाहायला टाकलेल्या रुळांचा त्यात हात होता, हे कॅलथ्रॉपच्या स्वप्नातही नसणार. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. ज्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांच्या दारात रेडिओ येणं शक्य नव्हतं, त्यांच्यापर्यंत छापखान्याची सगळी लढाई फार थोडी पोचली. तडवळ्यात माणूस स्वतः आला म्हणून फरक पडला.

1945 च्या ऑक्टोबरात, हिरोशिमाला जेमतेम अडीच महिने झाले असताना, जॉर्ज ऑर्वेल याने लंडनच्या 'ट्रिब्यून'मध्ये अणुबाँबवर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की ज्या काळातलं मुख्य हत्यार स्वस्त आणि सोपं असतं, तो काळ सामान्य माणसाला बरा जातो. बंदूक आणि हातबाँब ही त्या अर्थाने प्रजेची हत्यारं. हत्यार महाग आणि अवघड झालं, रणगाडा आणि बाँबफेकी विमान आलं, की सत्ता मोजक्या राजधान्यांत गोळा होते. तीनच वर्षांत मराठवाड्यात या सिद्धांताची परीक्षा झाली, आणि निकाल ऑर्वेलला चक्रावून टाकेल असा लागला.

11 जून 1947 ला निजामाने फर्मान काढलं की इंग्रज गेल्यावर आपण कुणातच सामील होणार नाही, स्वतंत्र राहू. 15 ऑगस्टला सोलापुरात तिरंगा चढला आणि रस्त्याच्या पलीकडे तो चढवणारा गजाआड गेला. आता सरहद्दीचा अर्थ बदलला. आतापर्यंत ती दोन परक्या सरकारांमधली होती, आता तिच्या अलीकडे स्वराज्य होतं. स्टेट काँग्रेसने कृती समिती नेमली आणि सोलापूर, बार्शीपासून विदर्भापर्यंत हद्दीलगत कॅम्प उघडले. उस्मानाबादच्या बाजूचे कॅम्प चालवण्यात फूलचंद गांधी यांच्यासारखी वकील मंडळी होती. कॅम्पातली पोरं रात्री आत शिरत, करोडगिरीचे नाके जाळत, पोलीस ठाण्यांवर हल्ले करत, आणि उजाडायच्या आत भारताच्या हद्दीत परत येत. नाक्यावर हल्ला करणं ही नुसती चिथावणी नव्हती. नाका म्हणजे वसुली, आणि वसुली थांबली की त्या गावापुरतं राज्य थांबलं.

हत्यारं ऑर्वेलच्या यादीतलीच. गावठी बाँब, ठासणीच्या बंदुका, कुठून कुठून मिळवलेल्या रायफली. 30 जानेवारी 1948 ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटली गेली आणि लाखोंची रक्कम लढ्याच्या कामी आली. त्याआधी 4 डिसेंबर 1947 ला खुद्द हैदराबाद शहरात नारायणराव पवार या तरुणाने निजामाच्या मोटारीवर बाँब फेकला. मोटार निसटली, निजाम वाचला. एकट्या माणसाच्या हातातलं स्वस्त हत्यार राजापर्यंत पोचू शकतं हे त्या संध्याकाळी सिद्ध झालं, आणि राजा मरता मरता वाचला तरी राज्य जागचं हलत नाही, हेही.

शिवाय स्वस्त हत्यार फक्त आपल्याच हाती येतं असं कुठे आहे? कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. 1946 मध्ये तो 'इत्तेहादुल मुसलमीन' या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि तिच्या स्वयंसेवकांची, म्हणजे रझाकारांची, फौज उभी राहिली. तीही साधी माणसंच होती. सरकारी पगारावरचे शिपाई नव्हते. बंदुका, भाले, जंबिये घेऊन ती गावोगाव फिरू लागली. गावं ओस पडून माणसं सोलापूर-बार्शीकडे येऊ लागली. निजामाच्या हातातून सत्ता खरोखरच सुटली होती. ती प्रजेकडे जायच्या ऐवजी रझवीकडे गेली, एवढंच. रेडिओही आता रझाकारांची भाषा बोलू लागला. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान याने भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिलं. 1948 च्या ऑगस्टात हैदराबादच्या रस्त्यात त्याला गाठून मारलं, लिहिता हात तोडला. तो संस्थानाच्या आत छापत होता. वाघमाऱ्यांच्या आणि त्याच्या लेखणीत तेवढा फरक होता.

दिल्लीने संस्थानाची कोंडी केली. पेट्रोल, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, सगळं अडू लागलं. उलट हैदराबादने आधीच भारताचा रुपया आपल्या हद्दीत बाद केला होता. कालपर्यंत सात-सहाच्या भावाने चालणारा कलदार मोगलाईत गुन्ह्याचा ऐवज ठरला. आणि इथे एक गमतीचं पात्र प्रवेश करतं. सिडनी कॉटन, ऑस्ट्रेलियाचा वैमानिक, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीचे विमानातून चोरून फोटो काढणारा. याने मोठी लँकास्ट्रियन विमानं मिळवली आणि कराचीहून रातोरात भारताच्या डोक्यावरून उडत बीदर, वरंगळकडे शस्त्रं उतरवायला सुरुवात केली. सार्वभौम सरकारची नाकेबंदी एका खासगी माणसाने पैसे घेऊन हवेतून फोडली. यंत्राच्या जोरावर एकट्या माणसाने सरकारला खिजवल्याचं याहून नेमकं उदाहरण त्या काळात शोधून मिळणार नाही. फक्त त्याच्या विमानात निजामाच्या बंदुका होत्या. पुढे इंग्लंडच्या कोर्टाने त्याला 200 पौंड दंड केला. धंद्यातली नफा-तोट्याची बाब म्हणून त्याने तो भरला असणार.

जमिनीवर मात्र हद्द इतकी गुंतलेली होती की कुणाची गाडी कुणाच्या मुलखातून जाते ते कळू नये. भारताच्या पोटात मोगलाईची गावं, मोगलाईच्या पोटात भारताची. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला जुलै 1948 मध्ये भारतीय लष्कराच्या तुकडीवर हल्ला झाला, जवान मारले गेले. लष्कराने नान्नज ताब्यात घेतलं. तिथून पुढे कॅम्पांचे दिवस भरत आले. आता पाळी मोठ्या हत्याराची होती.

13 सप्टेंबर 1948. सोलापूरच्या बाजूने मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांचं सैन्य पहाटे निघालं. मुख्य फळी हैदराबादच्या हमरस्त्याने नळदुर्गावर गेली. बोरी नदीवरचा पूल उडवून द्यायच्या आत तिने तो धडधाकट ताब्यात घेतला आणि त्याच दुपारी उमरग्यापर्यंत मजल मारली. दुसरी एक तुकडी तुळजापूरकडे वळली. तिच्यात थर्ड कॅव्हलरीचं चिलखती पथक होतं, पंजाबी होते, गुरखे होते, मेवाडचे होते. उजाडता उजाडता ती तुळजापुरात पोचली. समोर हैदराबाद इन्फंट्रीची एक तुकडी आणि सुमारे 200 रझाकार. दोन तास गोळीबार झाला आणि मग त्यांनी शस्त्रं ठेवली. पुढे लोहाऱ्याकडे जाताना नदीला पूर होता म्हणून ती खोळंबली. त्या दिवशी चिलखती गाड्यांना पावसाइतकं कोणी अडवलं नाही.

दहा वर्षांत छापील कागद, सत्याग्रह, तुरुंग, गावठी बाँब आणि बँक-लूट यांनी जे झालं नव्हतं ते तुळजापुरात न्याहारीच्या वेळेपर्यंत झालं. ऑर्वेलच्या हिशेबात रणगाडा हे जुलमी राजधानीचं हत्यार. इथे त्याच हत्याराने जुलमी राजधानी पाडली, आणि दुसऱ्या, कितीतरी मोठ्या राजधानीचा अंमल आणला. मग कॅम्पातल्या पोरांचं काम फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. नाके जळाले नसते, गावोगाव सरकार नसल्यासारखं झालं नसतं, तर दिल्लीला हा प्रश्न आपल्या वेळापत्रकाने सोडवता आला असता, आणि ते वेळापत्रक लांबलं असतं. पण सोलापुरातून निघालेल्या फौजेची किल्ली प्रजेच्या हातात नव्हती, हेही तितकंच खरं.

तिकडे निजामाने ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे तारेने तक्रार केली होती. परिषदेने ती 16 सप्टेंबरला विचारात घेतली. 17 ला निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा आला, भारताचे एजंट जनरल कन्हैयालाल मुन्शी यांना निजामाने बोलावून घेतलं आणि शस्त्रं खाली ठेवायचं ठरलं. 18 ला निजामाचा सेनापती जनरल एल एद्रूस चौधुरींना शरण आला. त्या दिवसांत निजाम आपल्याच रेडिओ केंद्रावर गेला. तेरा वर्षं ते केंद्र त्याचं होतं. त्याच्या दारात पाय ठेवायची ही त्याची पहिली वेळ. आजवर त्याच्या नावाने दुसरेच बोलत. तो स्वतः बोलला तेव्हा सांगण्यासारखं एवढंच उरलं होतं की आपलं राज्य आता आपलं नाही.

आपल्या गौरवग्रंथांची गोष्ट इथे संपते. 17 सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्यानंतरच्या आठवड्यांविषयी आपण फार बोलत नाही. या लष्करी मोहिमेनंतर, जिला सरकारी भाषेत पोलीस कारवाई म्हणतात, काही काळ खेड्यांत कोणतंच सरकार नव्हतं. निजामाचा फौजदार पळाला होता, चौधुरींचा लष्करी अंमल अजून शहरांपलीकडे बसायचा होता. हत्यारं मात्र गावात होती, आणि हिशेब चुकते करायची इच्छा होती. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीला भारत सरकारने पाहणीला पाठवलं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागल्याचं समितीने नोंदवलं. या चार जिल्ह्यांत मिळून मारले गेलेले 18,000 च्या खाली नसावेत आणि साऱ्या संस्थानात 27,000 ते 40,000, असा तिचा अंदाज. बहुतेक मुसलमान. त्यातले रझाकार किती आणि रझाकारांपासून स्वतः जीव मुठीत धरून राहिलेले विणकर, आत्तार, शेतमजूर किती, याचा विचार करणाऱ्याने त्या अहवालातली गावांची वर्णनं वाचावीत. तो अहवाल सरकारने कित्येक दशकं छापला नाही. 2013 च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना खुला झाल्याची बातमी आली. केंद्राची सत्ता हटून ती खरोखर व्यक्तीच्या हातात, प्रत्येकाच्या हातातल्या कुऱ्हाडीत आणि बंदुकीत आली, असे आठवडे मराठवाड्याने एकदाच पाहिले. छापखाना तेव्हाही होता. पण एकाच पक्षाची बातमी छापायला.

पुढची वर्षं घाईची होती. 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1950 मध्ये कुळकायदा आला. यथावकाश करोडगिरीचे नाके उठले, हाली शिक्का आटला. 1 एप्रिल 1950 ला डेक्कन रेडिओ आकाशवाणीत विलीन झाला. म्हणजे बोलणारा बदलला, ऐकणारे तेच. त्या पाच-सहा वर्षांत तामलवाडीसारख्या गावात खऱ्या अर्थाने सत्ता वाटणारं यंत्र एकच आलं, ते म्हणजे पत्र्याची पेटी. 1951-52 च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्हाचा कागद, आत चिठ्ठी टाकायची. यातल्या लाखो पेट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. वाचता येण्याची गरज नाही, उर्दू येण्याची गरज नाही, चिन्ह ओळखता आलं की झालं. तंत्र म्हणून पाहिलं तर पत्रा, बिजागरी आणि कुलूप. निजामाच्या रेडिओपुढे ते काहीच नव्हतं. पण त्या पेटीत पाटलाचं मत आणि त्याच्या सालगड्याचं मत सारखंच वजन घेऊन पडलं, आणि हे मोगलाईत यापूर्वी कधी झालं नव्हतं.

जमिनीचा कागद मात्र चावडीतच राहिला. आधी पटवारी, मग तलाठी. हल्ली त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. शेतात काय पेरलंय ते शेतकऱ्याला ठाऊक असे, पण कागदावर काय पेरलंय ते तलाठी ठरवी, बहुतेक वेळा बांधावर न जाता. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आता शेतकऱ्याने स्वतः मोबाइल घेऊन आपल्या गटात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप चढतात आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. सोयाबीनचं अनुदान, पीकविमा, हमीभावाची खरेदी, सगळं त्या नोंदीवर अवलंबून. लेखणी शेतकऱ्याच्या हातात आली, यात शंका नाही. मुदत मात्र सरकारची, काही नोंदी तपासायचा अधिकार तलाठ्याचा, आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या जिल्ह्याने एकदम फोटो चढवायला घेतले की सर्व्हर डाउन. ज्याला हे जमत नाही तो गावातल्या एखाद्या पोराला पन्नास-शंभर रुपये देऊन करून घेतो.

निजामाचे कागदही याच काळात पुन्हा बाहेर निघाले. मराठा समाजातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातले रेकॉर्ड रूम उघडले. उर्दू आणि मोडी वाचणारे दुर्मीळ लोक एकाएकी मागणीत आले. खासरा पत्रकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळेचे निर्गम उतारे स्कॅन होऊन जिल्ह्याच्या संकेतस्थळावर चढले. ज्या उर्दू कागदाला आजोबा हात लावायला धजत नव्हते तो आता नातू एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर मोठा करून पाहतो, पणजोबाचं नाव शोधतो, जातीच्या रकान्यात काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घेतो. नाव सापडलं की त्या पानाची प्रमाणित नक्कल काढावी लागते, वंशावळ जोडावी लागते आणि अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो. कुणबी असल्याचं प्रमाणपत्र तोच देतो.